विजेचं बिल

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात गिरणीवाले अण्णा राहत होते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी होती. ज्वारीला एक जातं, गव्हाला दुसरं. सकाळी पट्टा फिरू लागला की दुपारपर्यंत थांबत नसे. दगड गुळगुळीत झाले की अण्णा स्वतः बसून त्यांना टाकी लावत. महिन्याचं विजेचं बिल आलं की ते खिळ्याला अडकवत, आणि भरल्याशिवाय खाली काढत नसत.

अण्णांचा एक भाचा होता. वडील लवकर गेल्यामुळे तो मामाच्याच घरी वाढला होता. एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मुलगा कष्टाळू होता, कुणाचा फोन बिघडला तर पैशासाठी अडून बसत नसे. बहिणीचं लग्न व्हायचं होतं. आईचे गुडघे धरले होते.

2017 साल नुकतंच लागलं होतं. एका संध्याकाळी भाचा लॅपटॉप घेऊन मामाकडे आला. त्याचा चेहरा फुललेला होता.

“मामा, यंत्र आपल्याला घ्यायचं नाही, बसवायचं नाही, सांभाळायचं नाही. कंपनीची यंत्रं चीनमध्ये आहेत, आइसलँडमध्ये आहेत. तिथं वीज स्वस्त, हवा थंड. ती बिटकॉइन हे संगणकातलं नाणं काढतात. आपण एक बिटकॉइन भरायचा. दर महिन्याला त्याचा दहा टक्के परत, असे अठरा महिने. एकाचे जवळजवळ दोन होतात.”

त्या वेळी एक बिटकॉइन सत्तर हजारांच्या आसपास होता. अण्णांनी हात पुसले आणि स्टुलावर बसले.

“ही यंत्रं नेमकं काय करतात रे?”

भाच्याने मनापासून समजावलं. जगभर लाखो यंत्रं एकाच वेळी एक आकडा शोधत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी कुणातरी एकाला तो सापडतो. ज्याला सापडतो त्याला साडेबारा बिटकॉइन मिळतात. आधी पंचवीस मिळायचे, त्याच्याआधी पन्नास. दर चार वर्षांच्या आसपास ते निम्मे होतात. यंत्रं वाढली तरी बिटकॉइन जास्त निघत नाहीत. साधारण दर दोन आठवड्यांनी यंत्रांच्या मानाने कोडंच अवघड किंवा सोपं होतं, म्हणजे दहा मिनिटांचा हिशेब टिकतो.

अण्णांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, “म्हणजे आपल्या गावासारखंच आहे. पूर्वी या भागात माझी एकट्याची गिरणी होती. आता चार आहेत. दळण तेवढंच आहे, मग माझ्या वाट्याला कमी येतं. तिकडे यंत्रं रोज वाढतायत म्हणतोस, मिळणारं नाणंही मधूनच निम्मं होतं म्हणतोस. मग प्रत्येक महिन्याला बरोबर दहा टक्के कसे निघतात? एखाद्या महिन्याला सात, एखाद्याला चार, असं का होत नाही?”

भाचा थोडा थांबला. “कंपनी मोठी आहे मामा. ते सांभाळून घेतात.”

“बरं. एका यंत्राला वीज किती लागते?”

हे भाच्याला माहीत होतं. त्याने वाचलं होतं. त्या काळातलं सगळ्यात नावाजलेलं यंत्र तेराशे-चौदाशे वॅटचं होतं आणि ते रात्रंदिवस चालायचं. अण्णांनी तोंडी हिशेब केला. महिन्याला हजाराच्या आसपास युनिट झाले.

“एका यंत्राला हजार युनिट. अशी हजारो यंत्रं. केवढं बिल येत असेल! बाळा, मला यंत्र दाखवू नकोस. त्यांचं एका महिन्याचं विजेचं बिल तेवढं दाखव.”

भाच्याने तो निरोप वरच्या साहेबांना पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यात एक फोटो होता. लांबच लांब पत्र्याची शेड, मांडणीवर ओळीने यंत्रं, प्रत्येकावर हिरवा दिवा. अण्णांनी फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला.

“गिरणी झकास आहे. पण ही त्यांचीच आहे हे कशावरून? आणि यातलं आपलं यंत्र कोणतं?”

भाच्याने पुन्हा विचारलं. या वेळी साहेबांचा फोन आला. ते हसत म्हणाले, “तुमच्या मामांना सांगा, चांगल्या कामाला नाट लावू नका.”

पुढच्या रविवारी मंगल कार्यालयात मोठी सभा झाली. ज्यांना पैसे मिळाले होते त्यांना फेटे बांधले. पडद्यावर आलिशान गाड्या दाखवल्या. व्यासपीठावरचा माणूस म्हणाला, “ज्याच्या मनात शंका आली, तो मागे राहिला.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाच्यानेही वाजवल्या. त्याने बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे भरले. आपण आणखी माणसं जोडली तर कमिशन मिळतं, हेही त्याला तिथंच कळलं.

त्याने ओळखीच्या माणसांना सांगितलं. निवृत्त गुरुजींनी आपल्या फंडातले पैसे घातले. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींनी बचत गटाचं कर्ज काढून चाळीस हजार दिले. मावशींना बिटकॉइन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. हा मुलगा आपला फोन फुकट दुरुस्त करून देतो, एवढं माहीत होतं.

अण्णा भांडले नाहीत. ते एवढंच म्हणाले, “मी भरणार नाही. तू भरलेस, त्यातलं मुद्दल तरी लवकर काढून घे. आणि ज्याला बिल दाखवता येत नाही, त्याच्याकडे दुसऱ्याचे पैसे नेऊन देऊ नकोस.”

भाच्याला ते लागलं. आपल्याच माणसाला आपलं बरं झालेलं बघवत नाही, असं त्याला वाटलं. तो मामाकडे यायचा बंद झाला.

आणि पैसे येऊ लागले. अगदी वेळेवर आले. गुरुजींच्या घरी फ्रीज आला. भाच्याने स्कूटर घेतली. गणपतीच्या आरतीला लोक अण्णांकडे बघून म्हणत, गिरणीवाल्यांना पिठापलीकडे काही दिसत नाही. मामीसुद्धा एका रात्री म्हणाली, “अहो, सगळ्या गावाला मिळतंय. आपणच तेवढे शहाणे का?” अण्णांना त्या रात्री झोप लागली नाही. आपलंच तर चुकत नाही ना, असं त्यांच्या मनात आलं. सकाळी उठून त्यांनी खिळ्यावरचं बिल काढलं, भरून आले आणि गिरणी चालू केली.

दिवाळी झाली. मग कंपनीचा निरोप आला. यापुढे परतावा बिटकॉइनमध्ये नाही, कंपनीच्या स्वतःच्या नाण्यात मिळेल. त्या नाण्याचा भाव कंपनीच ठरवणार होती. बाहेर ते कुणी घेत नव्हतं.

त्याच डिसेंबरात बिटकॉइन दहा लाखांच्या वर गेला. लोकांना हुरूप आला. आमचे बिटकॉइन परत द्या, असं ते म्हणू लागले. तेव्हा काम चालू आहे, थोडे दिवस थांबा, अशी पाटी पडद्यावर आली. खात्यातला आकडा मात्र रोज वाढत होता. भाचा रात्री झोपण्याआधी तो बघायचा. आकडा वाढायचा आणि त्यातला रुपया निघायचा नाही.

नवीन वर्षात जिल्ह्याच्या गावातलं कार्यालय बंद झालं. साहेबांचा फोन लागेना.

2018 च्या एप्रिलमध्ये गुरुजी वर्तमानपत्र घेऊन गिरणीत आले. पुणे पोलिसांनी गेनबिटकॉइन नावाच्या योजनेच्या सूत्रधाराला, अमित भारद्वाजला, पकडलं होतं. त्या योजनेतही दरमहा दहा टक्के होते, अठरा महिने होते. पुढे बिटकॉइनऐवजी स्वतःचं नाणं लोकांच्या हातावर ठेवलं होतं. गुरुजींनी बातमी दोनदा वाचून दाखवली. आपल्या योजनेचं नाव वेगळं होतं, बाकी सगळं तेच होतं. अण्णांनी पट्टा थांबवला आणि त्यांना पाणी दिलं.

त्या रात्री भाचा आला. दारातच उभा राहिला. मामीने त्याला आत घेतलं, ताट वाढलं. मी सांगत होतो, असं अण्णा एकदाही म्हणाले नाहीत. जेवण झाल्यावर त्यांनी वही पुढे ठेवली.

“तू ज्यांना ज्यांना यात आणलंस, त्यांची नावं लिही. उद्या आधी पोलिसांत जाऊ. मग प्रत्येकाच्या घरी जायचं.”

“मामा, लोक मारतील मला.”

“मी बरोबर येतो.”

पोलीस ठाण्यात त्यांनी तक्रार दिली. भाच्याने निरोप, फोटो, व्यवहारांचे आकडे, सगळं छापून नेलं होतं. मग दोघं घरोघर गेले. कुणी ओरडलं, कुणी दार लावून घेतलं. खिचडीवाल्या मावशी ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “मला त्यातलं काय कळत होतं रे? मी तुला ओळखत होते.”

भाचा तिथंच खाली बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो पहाटे गिरणीत येऊ लागला. दुपारपर्यंत दळण, मग मोबाइलचं दुकान. स्कूटर विकली. मावशींचे बचत गटाचे हप्ते तो भरू लागला. एकही चुकवला नाही. ते कर्ज फिटायला फार दिवस लागले. बहिणीचं लग्न पुढे गेलं आणि साधेपणानं झालं.

एकदा दुपारी गिरणीत गर्दी नव्हती. अण्णा दगडाला टाकी लावत होते. भाच्याने विचारलं, “मामा, तुम्हाला तेव्हा कसं कळलं?”

“मला कुठं कळलं होतं?” अण्णा म्हणाले. “संगणकातलं मला काय कळतं? मी विचारलं. बिल आलं असतं, तर कदाचित मीही पैसे भरले असते. ते आलं नाही, म्हणून थांबलो.”

भाचा काही बोलला नाही. त्याने दळणाचा पुढचा डबा उचलला.

अण्णांच्या गावात जे घडलं ते जगभर घडलं आहे. एस्टोनियातल्या हॅशफ्लेअर नावाच्या कंपनीने 2015 ते 2019 या काळात लाखो लोकांना यंत्रांची ताकद भाड्याने विकली. विक्री 57 कोटी 70 लाख डॉलरहून जास्त होती. ग्राहकांना रोजची कमाई पडद्यावर दिसत होती. बिटकॉइन काढण्याची जेवढी ताकद आपल्याकडे आहे असं कंपनी सांगत होती, त्याच्या एक टक्काही प्रत्यक्षात तिच्याकडे नव्हती. दोन्ही संस्थापकांनी 2025 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. बिटकॉइन काढणारी खरी यंत्रं जगात आहेत, ती भाड्याने देणारेही असू शकतात. पण त्यांना वीज लागते, ती झिजतात, त्यांची कमाई खालीवर होते, आणि 2024 च्या एप्रिलपासून दर दहा मिनिटांचं बक्षीस 3.125 बिटकॉइनवर आलं आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेलाच परतावा देणारी योजना ही यंत्राची कमाई वाटत नसते. नंतर आलेल्याचे पैसे आधीच्याला देत असते. म्हणूनच तिला सतत नवी माणसं लागतात.

गावातल्या त्या सभेत शंकेला नावं ठेवली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिथंच सगळं बिघडलं. शंका विचारणारा माणूस आपल्या वाईटावर नसतो. बऱ्याचदा त्या गर्दीत आपली काळजी असलेला तो एकटाच असतो. ज्याचं काम खरं आहे, तो शंकेला रागावत नाही, बिल काढून दाखवतो.

गेनबिटकॉइनचा सूत्रधार 2022 च्या जानेवारीत वारला. त्या योजनेचे देशभरातले खटले सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या डिसेंबरात सीबीआयकडे सोपवले. 2025 च्या फेब्रुवारीत सीबीआयने देशात साठहून अधिक ठिकाणी छापे घातले. त्यांत पुणे, नांदेड, कोल्हापूर ही शहरं होती. तशाच योजना आज मोबाइलच्या ॲपमधून आणि टेलिग्रामच्या गटांतून येत आहेत. तुमच्या घरातलं कुणी त्यांत पैसे घालायला निघालं असेल, तर त्याच्याशी भांडू नका. शेजारी बसा आणि पैसे कुठून येतात हे त्यालाच शोधायला लावा. पैसे गेलेच असतील, तर लाजून गप्प राहू नका. त्याच दिवशी 1930 या क्रमांकावर फोन करा, सगळे निरोप आणि व्यवहार जपून ठेवा, आणि तुमच्या शब्दावर ज्यांनी पैसे भरले त्यांना सगळ्यात आधी सांगा.