वसईचा दुभाष्या

चिंतनासाठी वाचन: यिर्मया 1:4-10, मत्तय 28:16-20
6 फेब्रुवारी, संत पॉल मिकी आणि सोबती यांचा स्मरणदिन



यिर्मयाची सबब आपल्या ओळखीची आहे. देव पाठवतोय, आणि हा म्हणतो, मी लहान आहे, मला बोलता येत नाही. शिकायला किंवा नोकरीला परदेशी गेलेले आपले कितीतरी जण दर रविवारी हेच म्हणतात. मिस्सा संपता संपता फादर घोषणा करतात की युवा गटाला, दृढीकरणाच्या वर्गाला मदतीला कुणीतरी हवंय. आपण हळूच मोबाईल काढतो. माझं इंग्लिश असं, इथली मुलं वेगळी, माझं ऐकणार कोण?

आज ज्या सव्वीस रक्तसाक्षींचं स्मरण आहे, त्यांत एक आपला वसईचा आहे. संत गोन्सालो गार्सिया. जन्म साधारण 1557चा, वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय फादरांकडे शिकला आणि 1572च्या सुमारास, म्हणजे दहावीच्या वयात, त्यांच्याबरोबर थेट जपानला गेला. तिथे त्याने जपानी भाषा आत्मसात केली आणि आठेक वर्षं धर्मशिक्षणाच्या कामात फादरांना मदत केली. ना व्रतबद्ध, ना धर्मगुरू. आजच्या भाषेत सांगायचं तर व्हॉलंटियर!

पुढचा भाग मला फार जवळचा वाटतो. त्याला येशूसंघात प्रवेश हवा होता. तो मिळाला नाही. इतकी वर्षं राबल्यावर नाही! आपल्याला तर युवा गटाच्या कमिटीत घेतलं नाही तरी आपण व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडतो. गोन्सालो व्यापारात शिरला आणि त्यात त्याचा जमही बसला. त्या दिवसांत त्याच्या मनात काय चाललं होतं हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, आणि उगाच गोड कल्पना करण्यात अर्थ नाही. पण पुढे मनिलाला तो फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला. आणि 1593मध्ये फिलिपिन्सहून फादर पेद्रो बाप्तिस्ता जपानचा सत्ताधीश हिदेयोशीकडे गेले, तेव्हा त्यांना दुभाष्या लागला. पोरवयात शिकलेली ती जपानी तेव्हा कामी आली.

क्योतोला या मंडळींनी चर्च उभारलं, कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढलं. त्यांच्या घरात मदतीला, वेदीसेवेला मुलं होती. लुईस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा वर्षांचा, थोमास कोझाकी त्याहून थोडा मोठा. डिसेंबर 1596मध्ये अटक झाली. डाव्या कानाचा तुकडा कापून, भर थंडीत, सगळ्यांना महिनाभर नागासाकीपर्यंत नेलं. वाटेत थोमासने आईला पत्र लिहिलं: माझी आणि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ. बाबाही त्याच रांगेत होते. 5 फेब्रुवारी 1597 रोजी सव्वीसही जण क्रूसावर गेले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता.

त्या मुलांसाठी तो कोण होता? परक्या देशातला, पण त्यांच्या भाषेत बोलणारा दादा. युवासेवेत मुलं वक्तृत्व मोजत नाहीत. आपल्याबरोबर शेवटपर्यंत चालतंय कोण, ते बघतात.

खुटबावहून दौंडकडे निघालात तर पुढचंच स्टेशन केडगाव, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. ते काम कॅथलिक नव्हे, पण परदेशातून आलेल्या किती जणींनी तिथे आपल्या दुष्काळग्रस्त लेकींची सेवा केली! आपल्याकडे येणाऱ्यांची आपल्याला सवय आहे. जाणाऱ्यांची मात्र अजून तितकी नाही.

आता एक व्यवहाराची गोष्ट. परदेशात मुलांमध्ये काम करायचं म्हटलं की आधी पोलीस तपासणी, फॉर्म, प्रशिक्षण असतं. ऑस्ट्रेलियात, इंग्लंडमध्ये हे नियमच आहेत. काहींना राग येतो, 'माझ्यावर संशय घेतात का?' अरे, चर्चमध्येच मुलांवर झालेले अत्याचार झाकले गेले, म्हणून हे नियम आले. कुरकुर न करता फॉर्म भरा. दुसऱ्याच्या लेकराजवळ बसायची परवानगी मागताय तुम्ही. आणि सुरुवातीला वक्ता म्हणून नव्हे, खुर्च्या मांडायला बोलावतील. मांडा. त्या वेळात मुलांची नावं पाठ करा, नीट उच्चारायला शिका. भाषा तिथूनच येते.

प्रभू येशू, आज दुसऱ्या देशात, अनोळखी चर्चच्या मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या मुलामुलींना तू नावाने ओळखतोस. घोषणा होईल तेव्हा त्यांना हात वर करायचं बळ दे. आणि ज्यांना नकार मिळालाय, त्यांच्याजवळ राहा. संत गोन्सालो, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.