चिनी कोबी आणि कळंबचं अंगण

कळंबच्या परसबागेत चिनी कोबी लावा म्हटलं, की पहिला आक्षेप पाण्याचा येतो, आणि तो रास्त आहे. २०१६च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटलं, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच मांजरेकाठचं हे गाव. पण हा कोबी उन्हाळ्याचा नव्हेच. गड्डा बांधायला त्याला साधारण १५ ते २० अंशांची हवा मानवते. म्हणून दसऱ्याच्या सुमारास बी टाकावं, संक्रांतीच्या आसपास भाजी ताटात येते. उशीर झाला तर ऊन तापतं, पानं मिटत नाहीत आणि मुळ्याला डिंगऱ्या धराव्यात तसा मधूनच फुलांचा दांडा वर येतो. आठ-दहा रोपांची तहान डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्यावर बरीचशी भागते. वर उसाच्या पाचटाचं आच्छादन हवं. साबणाचं पाणी मात्र नको.

परकी भाजी कशाला, हे म्हणणं मला पटत नाही. मिरची अमेरिका खंडातून आली, आणि आज तिच्यावाचून मराठवाड्याचं जेवण होत नाही. शिवाय चिनी कोबी नात्याने आपल्या नेहमीच्या कोबीपेक्षा सलगमाच्या जवळचा. वनस्पतिशास्त्र या दोघांना एकाच जातीत ठेवतं. किडीची भीती खरी आहे. मावा आणि चौकोनी ठिपक्यांचा पतंग कोवळ्या पानांवर येतातच. रोज सकाळी पानांची खालची बाजू पाहावी, पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. मेथी-शेपूची चव त्याला नाही, पण बाहेरची दोन-चार पानं खुडून झुणक्यात घातली तरी आतून नवी येत राहतात.