गोळीचं खरं नाव

एआरटी केंद्राच्या रांगेत आईसोबत आलेल्या मुलाला विचारा, औषध कशाचं घेतोस रे? उत्तर बहुधा ठरलेलं असतं: ताकदीचं. ही जन्मतःच आईकडून एचआयव्ही आलेली मुलं. 1 एप्रिल 2004 पासून आपल्याकडे सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं, मोफत मिळू लागली आणि जी शाळेचं तोंड बघतील का अशी धास्ती होती, त्यांतली कितीतरी आज मिसरूड फुटून कॉलेजात जातात. गोळीने तिचं काम चोख केलं. घोडं अडलंय ते पुढे.

गोळी रोजची, जन्माची. नववी-दहावीतलं धडधाकट पोर एक दिवस म्हणतं, मला कशाला हवी ताकद? आणि गोळ्या टाळू लागतं. खाडे वाढले की विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. यात दोष पोराचा कसा? जागतिक आरोग्य संघटनेनं 2011 सालीच सांगून ठेवलंय, की शाळकरी वयात मुलाला त्याचा आजार कळावा, समजेल तसा, टप्प्याटप्प्यानं. आधी ‘तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला दाबून ठेवते’ एवढं पुरे. नाव मागाहून.

पण आईला धाक असतो तो एका प्रश्नाचा: ‘मला हे कुणाकडून आलं?’ पुष्कळदा तिला ते नवऱ्याकडून आलेलं, आणि नवरा आता हयात नसतो. म्हणून चांगला समुपदेशक आधी आईला एकटीला बसवतो, तिला रडू देतो, या उत्तराची तयारी करून घेतो. मुलाचा उपचार खरं तर तिथून सुरू होतो.

2017 च्या एचआयव्ही कायद्यात एक कलम आहे. बारा वर्षांवरचं समजूतदार मूल एचआयव्हीची झळ बसलेल्या आपल्या घराचा कारभार पाहत असेल, तर ते धाकट्या भावंडाच्या उपचारासाठी पालक म्हणून उभं राहू शकतं. संसदेनं ज्याच्यावर एवढा भरवसा टाकला, त्याला स्वतःच्या गोळीचं नाव कळू नये?

आईबाप दोघंही नसतील तर हीच तयारी आजीची करावी लागते. ती विचारते, पोरीच्या लग्नाचं काय? प्रश्न रास्त आहे. नियमित गोळ्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणूचा भार, तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे आजीला सांगावंच, पण नातीला एकटीला बसवून आधी सांगावं.