जाणणे कशाला म्हणावे? – आँदिज पर्वतातील क्वेचुआ लोकांची ज्ञानदृष्टी

ज्ञानाविषयी आपण पुष्कळ ऐकतो व बोलतोही पुष्कळ. परंतु आपल्या बोलण्यातील किती अंश स्वतः अनुभवलेला आणि किती केवळ कानावर आलेला, हा प्रश्न गृहस्थ माणूस स्वतःस क्वचितच विचारतो. दक्षिण अमेरिकेतील आँदिज पर्वतात राहणाऱ्या क्वेचुआ लोकांना हा प्रश्न त्यांची भाषाच घडोघडी विचारीत असते.

पेरू, बोलिव्हिया, एक्वादोर आदी देशांत ही भाषा बोलली जाते. तिचे बोलणारे तिला ‘रुना सिमी’, म्हणजे माणसांची वाणी, असे म्हणतात. तिच्यात ‘मि’, ‘सि’ आणि ‘चा’ असे प्रत्यय आहेत. ‘पाऊस पडत आहे’ या वाक्यात ‘मि’ आला, तर बोलणाऱ्याने ते स्वतः जाणले आहे. ‘सि’ आला, तर दुसऱ्याकडून ऐकले आहे. ‘चा’ आला, तर तो केवळ अंदाज आहे. बोलीपरत्वे रूपे बदलतात, पण विवेक तोच. आपल्या मराठीतील ‘म्हणे’ हा शब्द असेच काम करतो, मात्र आपण तो सोयीनुसार वापरतो वा गाळतो. न पाहिलेले पाहिल्यासारखे सांगणे हे केवढे साहस आहे, याची जाणीव त्या भाषेत बालपणीच होत असावी! सत्यवाणीचे व्रत आचरू पाहणाऱ्याने एक दिवस तरी आपल्या प्रत्येक वाक्यास मनातल्या मनात असा प्रत्यय लावून पाहावा.

काळाविषयीही त्यांची दृष्टी निराळी आहे. आपण ‘मागे असे झाले’, ‘पुढे पाहू’ असे म्हणतो. क्वेचुआत ‘न्याउपा’ हा शब्द समोरचे आणि पूर्वीचे या दोहोंचा वाचक आहे, तर ‘खिपा’ म्हणजे पाठीमागचे आणि नंतरचे. जे घडले ते डोळ्यांसमोर आहे, जे घडायचे ते पाठीशी, अदृष्ट.

या जाणण्याला ते ‘याचाय्’ म्हणतात. हा शब्द मूळचा क्रियापद आहे : जाणणे, शिकणे. जाणणारा तो ‘याचाक्’. हे जाणणे हाताने केलेल्या कामातून येते. पेरू व बोलिव्हियातील शेतकरी जूनच्या अखेरीस, २४ जूनच्या सुमारास, पहाटेपूर्वी कृत्तिका नक्षत्र निरखतात. ते स्वच्छ व तेजस्वी दिसले तर पीकपाणी चांगले. मंद दिसले तर पाऊस उशिरा व कमी येणार असे समजून बटाट्याची लागवड लांबणीवर टाकतात. पुष्कळांना ही भाबडी समजूत वाटली असती. परंतु इ. स. २००० मध्ये शास्त्रज्ञांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की एल निन्योच्या वर्षी उंच आकाशात विरळ ढग वाढतात, त्यामुळे तारे मंद दिसतात, आणि त्याच वर्षी पुढे पाऊसही कमी पडतो. कारण ठाऊक नसताही निरीक्षण खरे होते.

मात्र जाणणारा एकटा नसतो. ‘आय्नी’ म्हणजे घेतलेल्याची परतफेड. आज शेजारी माझ्या शेतात राबला, तर उद्या मी त्याच्या शेतात राबणार. भूमाता पाचामामा आणि पर्वतदेवता ‘आपू’ यांच्याशीही हाच व्यवहार. पेय पिण्यापूर्वी चार थेंब भूमीला. कोकाची तीन पाने जुळवून, त्यांवर फुंकर घालून पर्वतांचे स्मरण. इ. स. १५३२ मध्ये स्पॅनिश आले. पुढे बहुतेक क्वेचुआ ख्रिस्ती झाले, तरी हे आचरण टिकले. कोणास आपल्या पंचमहायज्ञांची आठवण होईल. होवो, पण साम्य दाखविण्याची घाई नको, त्यांचे त्यांच्याच शब्दांत समजून घ्यावे.

या जाणण्याची कसोटी अलीकडे लागली आहे. कुस्कोजवळ कोयूर रीती ही मोठी यात्रा भरते. २०११ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अस्वलाचा वेष घेतलेले ‘उकुकु’ रात्री हिमनदीवर चढून बर्फाचे ठोकळे पाठीवर आणीत. ते पाणी औषधी मानले जाई, भाविक घरी नेत. हिमनदी वर्षानुवर्षे आटू लागली, तेव्हा बर्फ आणणे थांबविण्यात आले. उकुकु आजही हिमनदीकडे चढून जातात, आणि बर्फ न घेताच उतरतात.