बाटलीतला एक थेंब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुवारच्या सत्संगातले निरूपण देत आहोत. घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून वाचावे.

माउलींनो, थंडी पडली. बेळगावच्या बाजारात टोमॅटोचे ढीग लागलेत. इथून गोव्याला भाजीच्या गाड्या जातात, तरी माल उरतो. भाव पडला की शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून दरवर्षी या दिवसांत आपण केंद्रात टोमॅटो आणतो, सॉस करतो आणि घरोघरी एकेक बाटली देतो. आज त्या सॉसचंच सांगणार आहे.

टोमॅटो लालबुंद आणि घट्ट निवडायचा. हिरवा नको, आणि डागाळलेला तर एकही नको. नासका आंबा अढी नासवतो, तसंच हे. धुवून, देठाकडचा भाग काढून, फोडी करून स्टीलच्या पातेल्यात शिजवायच्या. वरून पाणी घालायचं नाही, त्याचं त्याला सुटतं. मग चाळणीतून गाळायचं, साल आणि बी वर राहते. १ किलो रसाला ७५ ग्रॅम साखर, १० ग्रॅम मीठ, २५ मिली व्हिनेगर. आलं, दालचिनी, लवंग, मिरी आणि लाल तिखट यांची पुरचुंडी बांधून रसात सोडायची. कांदा-लसूण आपण घालत नाही.

साखर तिसरा हिस्सा आधी घालायची, त्याने रंग टिकतो. बाकीची साखर, मीठ आणि व्हिनेगर शेवटी. मीठ आधी पडलं तर रंग फिका होतो, आणि व्हिनेगरचा आंबटपणा वाफेबरोबर उडून जातो. मंद आचेवर ढवळत राहायचं. बशीत थेंब टाकून बघायचा. कडेने पाणी सुटलं नाही की झालं.

इतकं सगळं नीट केलं तरी सॉस नासतो. कशाने? बाटलीने. बाटली २० मिनिटं उकळायची, पूर्ण कोरडी करायची, सॉस गरम असतानाच भरायचा आणि झाकण लावून त्या बाटल्या अर्धा तास गरम पाण्यात ठेवायच्या. आत आधीचा एखादा ओला, घाणेरडा थेंब राहिला तर सॉस फसफसतो.

गेल्या वर्षी आपला सॉस असाच फसफसला, आठवतं ना? आठ-दहा दिवसांत फोन यायला लागले. झाकण उघडलं की फेस, आंबूस वास. मग याच ग्रुपवर चर्चा झाली. चुलीपाशी आपल्यातली एक नवी सूनबाई होती. "तिनेच कमी आटवला" असं ठरलं. पुढं ती सेवेला यायची बंद झाली.

आता ऐका. बाटल्या माझ्याकडे होत्या. आरतीची वेळ झाली म्हणून मी त्या उकळल्याच नाहीत. नळाखाली विसळल्या, फडक्याने पुसल्या आणि पुढं सरकवल्या. फोन आले तेव्हाच मला कळलं होतं काय झालं ते. ग्रुपवर तिचं नाव निघालं तेव्हा मी वाचत होतो. गप्प बसलो. ज्येष्ठ सेवेकरी म्हणून लोक पाया पडतात, त्यांच्यासमोर कसं सांगायचं?

वर्षभर माझी माळ चुकली नाही, पारायण चुकलं नाही. पण जपाला बसलो की ती मुलगी समोर यायची. वरून साधना ओतत होतो आणि आत थेंब तसाच होता. अशा भांड्यात काहीही भरा, ते टिकत नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेलो. तिच्या सासूबाईंसमोर सगळं सांगितलं, हात जोडले. ती काय म्हणाली माहितीये? "काका, बाटल्या ओल्या होत्या हे मी तेव्हाच बघितलं होतं. पण तुम्ही मोठे. मी कशी बोलणार?"

माउलींनो, हे ऐकून मला जास्त लाज वाटली. माझ्या मोठेपणाने तिचं तोंड बंद केलं होतं. ज्या मोठेपणापुढे धाकट्याला खरं बोलता येत नाही, तो मोठेपणा गुरुचरणी ठेवून द्यावा.

बोल लागला तो या ग्रुपवर, म्हणून कबुलीही याच ग्रुपवर देतोय. सूनबाई, चूक माझी होती. मला क्षमा कर.

आता तुमचं. प्रत्येक घरात अशी एखादी बाटली असते. चूक आपली आणि बोल दुसऱ्याला. कधी सुनेला, कधी धाकट्या भावाला, कधी कामाच्या बाईला. या आठवड्यात ती शोधा. मेसेज टाकून मोकळे होऊ नका. उठा, समोर जा, आणि ज्यांच्यासमोर बोल लागला त्यांच्यासमोरच सांगा.

रविवारी सकाळी ८ वाजता केंद्रात सॉसची सेवा आहे. सूनबाई येते म्हणालीय. सॉस झाला की नाही हे तीच ठरवेल. बाटल्या मी उकळणार आहे, आणि भरायच्या आधी ती त्या तपासणार आहे.

॥ जय गुरुदेव ॥ 🙏