दयेची बिडी

पैनगंगेच्या दक्षिणेस आदिलाबाद जिल्ह्यात बेला हे गाव आहे. राज्य तेलंगणाचे असले तरी मुलखाची बोली पुष्कळशी मराठी, आणि शेती कापसाची. ज्या तेंदूच्या पानात तंबाखू वळून बिडी होते, ते पानही या जिल्ह्याच्या रानात मिळते. अशा गावात एखाद्याला एच. आय. व्ही.ची बाधा झालेली आहे आणि तो बिडी ओढतो, अशी कल्पना वाचकांनी करावी. घरचे माणूस म्हणते, ‘ओढू द्या बिचाऱ्याला, आता दिवस तरी किती उरलेत!’ या उद्गारात माया आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु त्यात एक हिशेबही आहे, आणि तो हिशेब आता चुकीचा ठरला आहे.

एके काळी तो खरा होता. भारतात ही बाधा प्रथम १९८६ साली मद्रासला आढळली. पुढे १९८९ मध्ये आपल्या गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, त्याने दिलेल्या रक्तात ही बाधा सापडली म्हणून, पोलिसांकरवी नेऊन म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवण्यात आले. १९९२ साली तो वारला. त्या काळी रोग्याला जवळच्यांची माया मिळाली तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. १ एप्रिल २००४ पासून मात्र शासन या रोगावरील औषधे विनामूल्य देऊ लागले, आणि २०१७ पासून बाधा आढळताच उपचार सुरू करावेत असे धोरण ठरले. नियमाने गोळ्या घेणारा माणूस आज म्हातारपण पाहू शकतो. त्याचे आयुष्य कशाने तुटते, हा प्रश्न त्यामुळे नव्याने विचारावा लागतो.

डेन्मार्कमध्ये अशा उपचार घेणाऱ्यांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. पस्तिशीतल्या बाधित माणसाचे अपेक्षित वयोमान धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे ६३ वर्षे, तर कधीच न करणाऱ्यांत सुमारे ७८ वर्षे निघाले. विषाणूने हिरावलेली वर्षे सुमारे पाच, धुराने हिरावलेली सुमारे बारा! डेन्मार्कचे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावता येणार नाहीत, हे उघड आहे. पण ज्या देशात क्षयरोग शेजारीच वावरतो, तेथे धूर अधिक सौम्य ठरेल असे मानण्यास कोणतेही कारण नाही. बाधेमुळे क्षयाचा धोका आधीच वाढलेला असतो. त्यात धूर भर घालतो.

मग जळता तंबाखू सोडून विजेच्या सिगारेटची वाफ घ्यावी काय? इंग्लंडमध्ये वैद्यक हा मार्ग सुचवते. निकोटीनच्या च्युइंगमपेक्षा या साधनाने धूम्रपान सोडणारे अधिक निघतात, असे चाचण्यांत दिसले आहे. ही वाफ निरुपद्रवी नव्हे. मात्र जळण्यातून निघणारे डांबर व कार्बन मोनॉक्साइड तीत जवळजवळ नसते. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीस बंदी केली, पहिल्याच गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, वा दोन्ही. कोवळ्या मुलांना नवे व्यसन लागू नये, हा त्यामागील हेतू आम्हांस रास्त वाटतो. तरीही एक विसंगती मनाला बोचते: कमी घातक वस्तू गुन्हा ठरली आणि अधिक घातक बिडी टपरीवर उजळ माथ्याने विकली जाते. परक्याच्या मुलाला वाचविण्यासाठी या रोग्याचा एक मार्ग आपण बंद केला आहे. तसे करण्याचा समाजाला अधिकार असेलही. पण मग त्याचे देणे लागते. निकोटीनची औषधे २०२२ साली राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. जेथे तो ठरल्या मुदतीने गोळ्या न्यावयास येतो, त्याच खिडकीवर तीही मिळावीत, आणि त्याच्या भाषेत बोलणारे माणूस तेथे असावे, ही मागणी अवाजवी नाही.

बोलण्यातही एक अडचण आहे. बाधेबद्दल ‘आपल्या कर्माची फळे’ असे या माणसाने एकदा ऐकलेले असते. बिडीबद्दल विचारताच तो पुन्हा तेच ऐकू लागतो आणि खोटे सांगतो. खोकल्याची चौकशी ज्या स्वरात करतात, त्याच स्वरात बिडीचीही करावयास हवी; आम्हां शहाण्यांना तो स्वर अजून साधलेला नाही.

कोणी म्हणेल, तो जाणता आहे, ओढावी की सोडावी हे त्याचे त्याने ठरवावे. आम्हांला ते मान्य आहे. परंतु पाच आणि बारा हे दोन आकडे त्याला अजून कोणी सांगितलेले नाहीत. घरी सारेजण त्याच्या उरलेल्या दिवसांचा जुना हिशेब धरून बसले आहेत, आणि काडी पेटवून देणारा हातही त्यांच्यातलाच आहे.