देवाच्या फुलाची पहिली कुंडी



आषाढ वद्य चतुर्दशी ही श्रीसंत सावता महाराजांची पुण्यतिथी. सोलापूर जिल्ह्यातील अरण हे त्यांचे गाव, इ. स. १२९५ मध्ये त्यांनी तेथेच देह ठेवला. मळ्याची खुरपणी, पाण्याचे पाट आणि भाजीची निगा हीच त्यांची पूजा होती. विठ्ठलास भेटण्यासाठी मळा सोडून जाण्याची त्यांना गरज वाटली नाही. या पूजेतील थोडा तरी वाटा आपण आपल्या लहान मुलांस देतो काय, असा प्रश्न आज आम्हांस पडतो.

आपल्या घरी देवाची फुले बहुधा बाजारातून पुड्यात बांधून येतात. कधी कधी तर पहाटेच्या अंधारात शेजाऱ्याच्या कुंपणावरूनही ती खुडली जातात! मूल हे सारे पाहत असते. पूजा आपली आणि श्रम दुसऱ्याचे, हा धडा ते न शिकविता शिकते. गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंताने भक्ताकडून पान, फूल, फळ आणि पाणी एवढेच मागितले आहे. पाच वर्षांच्या बालकासही देता यावे असे हे मागणे आहे. परंतु ते पान आणि ते फूल वाढविण्याचा आनंद आपण त्या बालकास देत नाही. 'मातीत हात घालू नकोस, कपडे मळतील' असे म्हणून त्यास दूर करतो.

वास्तविक ही गोडी मुलांच्या ठायी उपजतच असते. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत धान्य पेरले म्हणजे रोज सकाळी अंथरुणातून उठून प्रथम तेथे कोण धावते? कोंब किती वाढले हे बोटाने कोण मोजते? त्या नऊ दिवसांचे कौतुक वर्षभर टिकविणे, एवढेच आपले काम आहे.

येथे आमचीच एक चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या सहा वर्षांच्या नातीने कुंडीत झेंडूचे बी पेरले होते. पुढे ती आजोळी गेली. पाणी घालण्याचे आम्ही कबूल केले आणि विसरलो. रोप करपले. मूल रडेल या भयाने आम्ही तेवढेच रोप बाजारातून आणून त्या जागी लावले. ती परत आली, कुंडीजवळ बसली आणि म्हणाली, "आजोबा, हे माझं नाही. माझ्या झाडाचं एक पान किडीनं खाल्लं होतं." आम्ही निरुत्तर झालो. अखेर खरे ते सांगितले. ती पुष्कळ रडली. पण दुसऱ्याच दिवशी तिने पुन्हा बी मागितले.

त्या दिवशी आम्हांस दोन गोष्टी कळल्या. आपण जपमाळ घेऊन ज्या एकाग्रतेसाठी धडपडतो, ती त्या बालिकेस एका रोपाने दिली होती. तिला त्याचे पान न् पान ठाऊक होते. आणि दुसरी ही की, मुलाचे दुःख चुकविण्यासाठी आम्ही त्याच्या हातातील सत्य काढून घेत होतो. प्रयत्न आपला, फळ ईश्वराधीन, हे पुराणातून सांगून पटत नाही; वाळलेल्या रोपापाशी बसून ते पटते.

म्हणून आमची विनंती आहे की, प्रत्येक मुलास एक कुंडी द्यावी. सदनिकेतील सज्जाही पुरेसा आहे. मात्र तेथे ऊन यावयास हवे. कुंडीच्या बुडाशी भोक असावे. आपली माळव्याची काळी माती पाणी फार धरते, म्हणून तीत वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. अगदी लहानांसाठी मेथी उत्तम. तीन-चार दिवसांत ती वर येते आणि अधीर मनास धीर देते. तुळशीची वाळलेली मंजिरी मुलाने तळहातावर चोळावी व निघालेले बारीक बी मातीवर पसरून वर चिमूटभर माती भुरभुरावी. आषाढअखेर किंवा श्रावणारंभी झेंडू पेरला तर दसऱ्याच्या सुमारास फुले येतात. मुलांच्या हातून रोपे मरतात ती बहुधा अतिप्रेमाने, फार पाणी घातल्याने. तेव्हा आधी बोटाने माती चाचपून पाहण्यास शिकवावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

बाकी सारे मुलावर सोडावे. त्याच्या नकळत आपण पाणी घालू नये, आणि रोप मेले तर ते गुपचूप बदलू नये. जवळ बसावे, आणि नवे बी त्याच्या हाती ठेवावे.

दसऱ्यास त्या झाडाचे पहिले फूल मुलाने स्वतः देवास वाहावे. एक फूल मात्र झाडावरच वाळू द्यावे. त्यात पुढील वर्षीचे बी असते. आपल्या बालकांच्या मळक्या हातांतील ते फूल श्रीचरणी रुजू होवो, हीच प्रार्थना.